शालिक मामाची गुर्मी

सिहोऱ्यात आजही शालिक मामाचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, "माणूस चांगला होता, पण गुर्मी लय." मला ते ऐकवत नाही. इतकी वर्षं गप्प राहिले, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं. आता ते नाहीत, आणि ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं ते त्यांचे थोरले भाऊ सीताराम मामाही नाहीत. तेव्हा सांगते.

शालिक मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या सगळ्या मोहल्ल्याचेच ते मामा. जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला होते, राहायला तिथलंच क्वार्टर, पण सुट्टी आली की सिहोऱ्याला हजर. खिशाला पेन, पायात पॉलिशचे बूट. वस्तीत शिरण्याआधी बुटांवरची धूळ रुमालाने झटकायचे आणि तोच रुमाल घडी करून पुन्हा खिशात. मामी ओरडायची, "अवो, त्याच रुमालानं मंग तोंड पुसता ना!" त्यावर मामा फक्त हसायचे.

त्यांचं एक पालुपद होतं, "फॅक्टरीत असं चालत नाई." चहा बशीत सांडला तरी हेच, लग्नाची वेळ टळली तरी हेच. एकदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाऊस दडी मारून बसला होता, तेव्हा कोणीतरी त्यांना डिवचलं, "मामा, तुमच्या फॅक्टरीत तरी पानी पडते का नाई?" मामा म्हणाले, "पडते. पन टायमावर."

दुसरी खोड म्हणजे जयभीम. समोरच्याने म्हणायच्या आत यांचा जयभीम पोचलेला असायचा. लहान पोरगी असो, म्हातारी असो, उधारीवरून भांडलेला शेजारी असो. मी शाळकरी होते तेव्हा आम्ही मैत्रिणी दडून बसायचो, की आज मामांच्या आधी आपण म्हणायचं. कधी जमलं नाही. मी बी.एस्सी. झाले, आमच्या मोहल्ल्यातली पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण माझ्या आईने त्यासाठी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून कंबर घालवली. त्या दिवशी मामा आमच्या दारात आले आणि बूट काढून मला म्हणाले, "जयभीम, बी.एस्सी. बाई." तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही.

भंडारा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, आमचे अर्धे सोयरे बसल्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातले झाले. त्याच्या आसपासच मामांमध्ये काहीतरी बदलायला लागलं असावं. नक्की कधी, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. असल्या गोष्टी लक्षात येतात त्या नंतर.

भागीरथाबाई म्हणून एक म्हातारी रस्त्याच्या कडेला दारात बसलेली असायची. तिने हात जोडून जयभीम घातला आणि मामा सरळ निघून गेले. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला तर तिने अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवरून मामा बुटानिशी चालत गेले. म्हातारी कडाडली, "काय गा शालिक, बूट हाय म्हून गरिबाचा मोह तुडवाचा का?" मामा दचकले. खाली पाहिलं आणि म्हणाले, "हे कुठून आलं?" ते मनापासून विचारत होते. पण ऐकणाऱ्याला ते कसं लागणार? म्हातारीने रडून सगळी आळी गोळा केली.

लोक म्हणू लागले, पगार वाढला, मान ताठ झाली. बरं, डोळे अधू म्हणावेत तर तसंही नाही. विहारात मामा पेपरातली बारीक छपाई घडाघडा वाचून दाखवायचे. सुईत दोरा ओवून घ्यायला बाया त्यांनाच हाक मारायच्या. सुईचं भोक ज्याला दिसतं त्याला माणूस कसा दिसत नाही?

मग सीताराम मामांच्या मुलीचं लग्न झालं. पाहुणे नदीपलीकडचे, तिरोड्याकडचे. आमच्याकडे पहिल्या पंगतीला मुलीच्या घरच्या माणसाने स्वतः वाढायचं असतं. वाढताना एखाद्याचं पान वगळणं म्हणजे त्याला भरल्या मांडवात हाकलून देणं. मामांनी मोठ्या हौसेने भाजीची बादली उचलली. पंगतीच्या डाव्या टोकाला, भिंतीशी, नवरदेवाचा काका बसला होता आणि त्याच्या मानासाठी शेजारी सीताराम मामा. मामांनी वाढायला सुरुवात केली ती त्या दोघांच्या पुढच्या पानापासून. सगळी रांग वाढली. परत आले, भात घेतला, पुन्हा तसंच. दोन पानं कोरडी.

नवरदेवाचा काका उठला. "आमाले जेवाले बोलावलं का पंगत पाहाले?"

सीताराम मामांनी खांद्यावरचा शेला काढून त्याच्या पायाशी ठेवला, तेव्हा कुठे तो खाली बसला. लग्न पार पडलं. पण पाहुणे गेल्यावर सीताराम मामा भावासमोर उभे राहिले.

"माझ्या पोरीच्या मांडवात तुले साहेबी दाखवाची होती?"

"दादा, मले दिसलं नाई."

"सुईचं भोक दिसते, अन् मी दिसत नाई?"

त्यावर मांडवात हसू फुटलं. चांगलं मोठ्याने हसले लोक. मला त्या मांडवातलं बाकी फारसं आठवत नाही, ते हसू आठवतं. त्या दिवसापासून थोरल्यांनी भावाशी बोलणं टाकलं.

पुढे काही वर्षांनी मामा निवृत्त होऊन सिहोऱ्याला राहायला आले. एकदा भंडाऱ्याच्या बाजारात बाजूने आलेल्या मोटारसायकलीने त्यांना उडवलं. हाड मोडलं नाही, पण मामी हटून बसली की डोळे दाखवा. मी तेव्हा भंडाऱ्यात नोकरीला लागले होते. मामा म्हणाले, "तू चाल संगं. डॉक्टर इंग्रजी बोलला तं तू आयकजो."

डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टर मॅडमनी त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मामा फॅक्टरीवाले, ताठ बसले, बोट बटणावर. मध्येच एखाद्या वेळी बटण दाबलं जाई, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला बाहेरच्या पडद्यावर दिसत होतं, ठिपके येत होते, जात होते. शेवटी मामा म्हणाले, "मॅडम, मशीन बंद पडली का?"

"चालू आहे काका," मॅडम हळूच म्हणाल्या.

मामांना समोरचं तेवढं दिसत होतं, बांगडीतून पाहावं तसं. बांगडीबाहेरचं सगळं गेलेलं. आणि गेलं आहे हेच कळत नव्हतं, कारण तिथे अंधारही दिसत नाही. डोक्याला सवय होते, ते आपलं आपण भरून काढतं.

मामांनी रडारड केली नाही. फॅक्टरीतल्यासारखं विचारलं, "फॉल्ट कुठं हाय?"

मॅडमनी शांतपणे सगळं सांगितलं. हा काचबिंदू. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं आणि बारीक जाळीतून निघून जात असतं. ती जाळी वर्षानुवर्षं चोंदत जाते, आतला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. आणि हे रक्तात असतं. भाऊ, बहिणी, मुलं, सगळ्यांना तपासून घ्या.

बाहेर येऊन मामा बाकावर बसले. मला वाटलं डोळ्यांचा विचार करत असतील. ते म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी मले खरंच दिसलं नवतं." मग, "लोकं इतकं म्हनत होते ना बाई, मलेच वाटाले लागलं होतं का आपल्यात माज आला म्हून."

आणि उठता उठता, "दादालेबी असन का?"

त्यानंतर मामांनी सगळ्या मोहल्ल्याला वात आणला. दिसेल त्याला काचबिंदू समजावून सांगायचे. "डोळा म्हंजे बांधी समज. एकीकून पानी येते, एकीकून जाते. जायाच्या वाटेत गाळ बसत गेला तं पानी तुंबते. बांधीचा धुरा फुटून मोकळा होते, डोळ्याले फुटाची सोय नाई. मंग तो दाब नसेवर बसते." कोणी म्हणालं, माझ्या मावशीचा डोळा तर एका दिवसात गेला, लय दुखला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगाचे कडे दिसत होते. मामा खूश. "तो दुसरा परकार! तिथं गाळ नाई, दारच धाडकन बंद होते. त्यात घडीभरबी बसाचं नाई, लोक पित्त म्हून निंबूपानी पाजत बसतात अन् डोळा जाते." मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून थांबलेल्या म्हाताऱ्यांना ते दटावायचे, "आंबा हाय का तो? जास्त पिकला का फुगते अन् वाट बुजवते." आणि रोवणीच्या चिखलाने लाल झालेल्या डोळ्यांत बाया मेडिकलमधून आणलेली एकच शिशी फिरवून फिरवून घालायच्या, तिच्याशी तर त्यांचं वैरच होतं. "ललाई जाते, थंडक वाटते, म्हून वर्सभर घालता. त्यातल्या काही दवायाच दाब वाढवतात!"

चुकायचेही. एका गुराख्याला काचबिंदू काचबिंदू करत तुमसरला ओढून नेलं, तर निघाली साधी डोळ्यांची साथ, आणि ती घेऊन आले मामा घरी. आठवडाभर काळा चष्मा. आळीतले टवाळ विचारायचे, "मामा, हा कोनता परकार?"

पण एक गोष्ट मात्र त्यांच्यामुळेच झाली. आमच्याच आळीत एक लेक बाळंतपणाला आली होती. बाळाचे डोळे हे एवढे टपोरे. बाया कौतुकाने बोटं मोडायच्या, काजळ घालायच्या, कोणाची नजर लागू नये म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायच्या. मामांना कोणीतरी सांगितलं की बाळ उजेडात आणलं की तोंड फिरवतं, डोळ्यांतून सारखं पाणी. मामा त्या घरी जाऊन दारातच म्हणाले, "इतके मोठे डोळे चांगले नसतात माय. काही लेकरांची पान्याची वाटच पोटात असताना बनत नाई, मंग डोळा फुगते." आजीने त्यांना नाही नाही ते सुनावलं. तुझीच नजर लागली म्हणाली. पण बाळाच्या आईने ऐकलं, नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. ती मुलगी आज शाळेत जाते. आजीने मात्र मामांना शेवटपर्यंत चहा विचारला नाही.

मोहल्ल्यात असं कोणीकोणी ऐकत गेलं. ऐकलं नाही ते एकट्या सीताराम मामांनी.

मामा दर रविवारी विहारातून निघाले की थोरल्यांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, जाऊन बसायचे. थोरले आतून बाहेर यायचे नाहीत. मामा सपरीतून आत बोलायचे, "दादा, मॅडम म्हनते का भावाले असू शकते. एक खेप चाल." आतून भांडं आपटल्याचा आवाज. एकदाच उत्तर आलं, तेही बायकोला उद्देशून, "त्याले सांग, आमाले वाढलं नाई ते नाई, आता डोळ्याचं सोंग घेऊन आमच्या दारात बसू नको."

आणि मग एक दिवस थोरल्यांची बायको, वैनी, विहिरीवर मामांना गाठून म्हणाली, "भाऊजी, यांचंबी तुमच्यासारखंच होऊन रायलं. परवा उंबरठ्यावरून पडले. ताटाच्या उजव्या अंगाची भाजी तशीच रायते. मी म्हटलं दवाखान्यात चाला, तं अंगावर येतात."

मामा मला भेटायला भंडाऱ्याला आले ते याच्यासाठी. माझ्या खोलीवर चहा घेत बसले. म्हणाले, "दादाले समजते बाई, का आपल्याले दिसत नाई. पन त्यानं डोळे दाखवले अन् काचबिंदू निघाला, तं मंग माझाबी खराच होता असं झालं. म्हंजे त्यानं इतके वर्सं बिनगलतीच्या भावाले टाकलं. ते त्याच्यानं होत नाई. तो आंधळा होईन पन हे कबूल करणार नाई. मी वळखतो त्याले."

"मग?"

"माझी बीमारी थोडी पुढं सरकवता येते का?"

मला कळेना.

"मॅडम म्हनते का लय वर्सांची जुनी हाय. मी सांगतो का आता आता झाली. लग्नाच्या टायमाले माझे डोळे ठणठणीत होते."

"मामा, लोक तुमाले गुर्मीबाज म्हनतील!"

"आताबी तेच म्हनून रायले."

"पन आता ते खोटं हाय."

"मंगबी खोटंच रायन ना. फकस्त त्याच्यावर माझी सही पडन."

मी भांडले. शिकलेली म्हणून जे जे सुचलं ते बोलले. मॅडमना सिहोऱ्याला नेते, त्या समजावतील, असंही म्हटलं. मामांनी कप पालथा घातला. "समजावल्यानं मानूस हरते. दादाले हरू द्याचं नाई, दवाखान्यात न्याचं हाय. तू कोनाले सांगू नको."

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली. खीर वाटायची होती, सगळा समाज बसला होता. थोरले भिंतीला टेकून. मामा उभे राहिले, हात जोडले आणि ज्या दिशेला भाऊ असेल असं वाटलं त्या दिशेला तोंड केलं. ते जरा चुकलंच, समोर भलतेच लोक होते.

"दादाच्या पोरीच्या लग्नात मी पाहुन्याचं अन् दादाचं पान वगळलं. मले दिसत होतं. जानून वगळलं. नोकरीचा माज होता. काचबिंदू मले आता झाला, तवा नवता. मी डोळ्यावर ढकललं. दादा खरा होता. समाजापुढं माफी मांगतो."

मग भागीरथाबाई शेजारणीला म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल इतक्याने, "पाह्य, निघालंच शेवटी तोंडातून." काही लोकांनी माना हलवल्या. इतक्या वर्षांचं कोडं सुटल्यासारखे चेहरे झाले होते त्यांचे. मामा खाली बसले. थोरले उठून खीर न घेता निघून गेले.

त्याच आठवड्यात वैनीचा निरोप आला. चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतो, भंडाऱ्याला जायचं म्हणतात.

मी दवाखान्यात होते. शालिक मामा वेगळ्या बाकावर, जरा लांब. थोरल्यांनी त्यांना येऊ नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. यंत्रावर बसणं झालं, दाब पाहिला. तोच आजार. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात निम्मं शिल्लक. थेंब नेमाने घातले तर टिकेल. मॅडमना मागचं काही माहीत नव्हतं, त्या सहज बोलून गेल्या, "बाबा, काही वर्षं आधी आला असता तर दोन्ही राहिले असते." थोरल्यांनी ऐकलं. लांबच्या बाकावर शालिक मामांनीही ऐकलं. दोघांच्याही चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मामांनी मला एवढंच विचारलं, हळू आवाजात, "थेंब देल्ले ना?"

"देल्ले."

"मंग झालं."

थोरले डोळ्यात थेंब घालत राहिले, मरेपर्यंत. डावा डोळा टिकला. भावाशी मात्र बोलले नाहीत. माफी मागितली होती, पण गुन्हाही कबूल झाला होता ना. मामा त्याच पावसाळ्यात गेले, दोन दिवसांच्या तापाने. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मोहल्ल्याने त्यांना चांगला निरोप दिला म्हणतात. बोलणारे चांगलं बोलले, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक "पण" होता.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दवाखान्याच्या दिवशीच, भंडाऱ्याच्या बसस्टँडवर. सिहोऱ्याची गाडी लागली होती. थोरले आधी चढले आणि पुढच्या दाराजवळच्या सीटवर खिडकीशी बसले, थेंबांची पिशवी मांडीवर. शेजारची जागा रिकामी होती. शालिक मामा खांद्याला निळी थैली लावून, दांडे धरत, सीटांच्या पाठी चाचपत, तिच्यावरून पुढे निघून गेले. ती त्यांना दिसली नाही की दिसली, मला सांगता येणार नाही. ते पार मागे जाऊन बसले. मी थोरल्यांच्या खिडकीखाली उभी होते.

कंडक्टर आला. थोरल्यांनी नोट पुढे केली. "दोन सिहोरा."

"दुसरं कोण?"

"मागं हाय. निळी थैलीवाला."

"कोण लागते तुमचा?"

थोरले खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तिकीट काढ ना बापा. टाइम झाला."

कंडक्टरने दोन तिकिटं काढून त्यांच्या हातात दिली आणि घंटी मारली. गाडी हलली, मागची खिडकी माझ्यासमोरून गेली. मामा ताठ बसले होते, मुठीत सुटे पैसे धरून, कंडक्टर येण्याची वाट पाहत.